दुपारच्या उन्हातली मध्यरात्र

‘मॅकबेथ’मध्ये पुढे काय होणार हे लेखकाने लपवलेलंच नाही. पहिल्याच अंकात चेटकिणी सांगून मोकळ्या होतात की मॅकबेथ हा सरदार राजा होणार, आणि त्याचा सोबती बॅन्को स्वतः राजा न होता राजांचा मूळपुरुष होणार. डंकन राजाचा खून दुसऱ्या अंकात उरकतो. पुढे तीन अंक उरतात आणि खुनी कोण हे नाट्यगृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. रहस्याचं सगळं भांडवल असं सुरुवातीलाच उधळल्यावरही हे नाटक चारशे वर्षं प्रेक्षकांचा श्वास अडकवून ठेवतं, ते कशाच्या जोरावर? अभ्यासक बहुधा भाषेकडे बोट दाखवतात. रंगकर्मी प्रकाश, आवाज आणि हालचालींकडे. ही वाटणी मला मान्य नाही. इथला ताण शब्द आणि रंगमंच यांच्या कुरघोडीतून येतो. कान एक सांगतो, डोळा दुसरंच. रंगमंचावर आणि रंगमंचासमोर कुणाला काय दिसावं, कुणाला नुसतं ऐकू यावं, याचा हिशेब शेक्सपिअर पै-पैचा ठेवतो. नाटकाच्या प्रयोगांचा इतिहास म्हणजे बराचसा हा हिशेब कुणी पाळला आणि कुणी मोडला याचाच इतिहास आहे.

नाटक साधारण 1606 चं. छापलं गेलं मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर, 1623 च्या फोलिओ या त्याच्या नाटकांच्या संग्रहात. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधलं हे सर्वांत आटोपशीर, ‘हॅम्लेट’च्या निम्म्याहून थोडं जास्त. सायमन फॉरमन या वैद्य-ज्योतिषाने 1611 मध्ये ग्लोब नाट्यगृहात ते पाहिलं आणि आपल्या वहीत त्याची हकिगत लिहून ठेवली. त्या काळचा प्रेक्षक काय पाहत होता याचा हा आपल्याकडचा मोठा पुरावा. ग्लोबला मधोमध छप्पर नव्हतं. प्रयोग दुपारी, सूर्यप्रकाशात होत. रंगमंच प्रेक्षकांत पुढे घुसलेला, तीन बाजूंनी माणसं, समोरचा पडदा नाही, दिवे मालवायची सोय नाही. आणि अशा जागी शेक्सपिअरने जे नाटक लिहिलं त्यातला मोठा भाग रात्री घडतो. ए. सी. ब्रॅडलीने 1904 मधल्या आपल्या व्याख्यानसंग्रहात लक्षात आणून दिलं की या नाटकातली आठवणीत राहणारी जवळपास सगळी दृश्यं अंधारातली आहेत. ब्रॅडलीने हे वातावरण म्हणून पाहिलं. मला त्यात कारागिरीचा प्रश्न दिसतो. लख्ख उन्हात मध्यरात्र आणायची कशी?

त्याचं एक उत्तर अगदी साधं आहे: रंगमंचावर उजेड आणायचा. पात्राच्या हातात मशाल वा मेणबत्ती दिसली की त्या काळचा प्रेक्षक रात्र झाली असं धरून चालायचा. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बॅन्को आणि त्याचा मुलगा फ्लिअन्स येतात ते मशालीसह, आणि त्यांचं पहिलं बोलणं रात्र किती झाली, चंद्र मावळला का, याबद्दल. आकाशात एकही चांदणी नाही हे बॅन्को अशा थाटात बोलतो की जणू वर कुणीतरी काटकसर म्हणून दिवे विझवलेत. पुढे तिसऱ्या अंकात मारेकरी बॅन्कोवर तुटून पडतात तेव्हा मशाल विझते आणि त्या गोंधळात मुलगा निसटतो. खुनी एकमेकांना विचारत राहतात की दिवा कुणी विझवला. ग्लोबमध्ये हा प्रसंग चालला असेल तेव्हा प्रेक्षकांच्या डोक्यावर ऊन असणार. त्यांना फ्लिअन्स पळताना स्वच्छ दिसत होता. मारेकऱ्यांना तो दिसत नव्हता. आजचा प्रकाशयोजनाकार इथे सगळं काळं करून टाकतो आणि आपणही मारेकऱ्यांसारखेच चाचपडतो. त्यात एक मजा आहे, हे कबूल. पण मूळ रचनेतली धार वेगळी होती: आपल्याला दिसत असूनही आपण ओरडून सांगू शकत नाही.

डंकनचा खून दिसत नाही, हे तर शाळकरी टिपणांतही असतं. तेवढ्यावर थांबलं की चूक होते, कारण या नाटकातल्या हत्यांना एक क्रम आहे. राजाचा खून पूर्णपणे आड होतो. बॅन्कोचा समोर, पण रात्रीच्या बतावणीत. मॅकडफ या सरदाराच्या लहान मुलाचा थेट डोळ्यांदेखत, त्याच्या आईशी चाललेल्या लाडिक, चटपटीत बोलण्यातून उचलून. गुन्हा जसा सोपा होत जातो तसा तो उजेडात येतो. लेडी मॅकबेथच्या मृत्यूची वर्दी आतून आलेल्या बायकांच्या किंकाळीने मिळते. आणि खुद्द मॅकबेथच्या वेळी फोलिओतल्या रंगसूचना एकमेकींशी भांडतात: एकीप्रमाणे दोघे लढत आत जातात, लगेच दुसरीप्रमाणे ते लढत परत येतात आणि मॅकबेथ मारला जातो, त्यानंतर मॅकडफ त्याचं शिर घेऊन प्रवेश करतो. प्रत्येक दिग्दर्शकाला इथे आपापला निर्णय घ्यावा लागतो.

दुसऱ्या अंकाच्या पहिल्या दोन प्रवेशांवर थोडं रेंगाळायला हवं, कारण ताणाची सगळी यंत्रणा तिथे एकत्र येते. आधी हवेतला खंजीर. तो मॅकबेथला दिसतो, आपल्याला नाही. तो हात पुढे करतो, मूठ सापडत नाही. तो पात्याचं वर्णन करतो, मग त्यावर रक्ताचे थेंब आल्याचं सांगतो. नटाच्या नजरेशिवाय तिथे काहीही नसतं. मग घंटा वाजते. ही घंटा बायकोने वाजवली आहे, दूध-मद्याचा पेला तयार झाला की वाजव अशा घरगुती निरोपाच्या आडून. तो आत जातो. रंगमंचावर आता लेडी मॅकबेथ एकटी. प्रत्यक्ष खून होतोय तेव्हा आपण तिच्याबरोबर बाहेर थांबलो आहोत. ती घुबडाच्या आवाजाने दचकते, नवऱ्याचा ओरडा ऐकून काम फसलं असं समजते, झोपलेला राजा आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच उरकलं असतं असं पुटपुटते. आतापर्यंत लोखंडासारख्या वाटणाऱ्या बाईत पहिली भेग इथे दिसते. मग तो बाहेर येतो आणि त्याच्या हातात दोन खंजीर आहेत. खरे. रक्ताळलेले. काही क्षणांपूर्वी ज्या हातात न दिसणारा खंजीर येत नव्हता, त्याच हातात आता हे दोन, आणि ते तिथे असायलाच नको होते. झोपलेल्या पहारेकऱ्यांजवळ ठेवायचे होते. ही चूक प्रेक्षकाला आधी दिसते, बायकोला थोड्या वेळाने. मधल्या काळात दोघे बोलत असतात आणि आपले डोळे त्या हातांवरून हलत नाहीत.

ते बोलतात तरी कसं? एरवी शेक्सपिअरच्या निर्यमक पद्यात दहा अक्षरांच्या ओळी भरभक्कम चालीने जातात. इथे ओळी फुटतात. एक ओळ दोघांत, कधी चार तुकड्यांत वाटली जाते. बहुतेक शब्द एकाक्षरी. प्रश्न, उलट प्रश्न, एकशब्दी उत्तर. तू काही बोललास का, कधी, आत्ता, उतरताना: एवढंच. इतक्या तुटक संवादात छंद कुठेही पूर्ण मोडत नाही हे विलक्षण आहे. ओळ पूर्ण करायची तर दुसऱ्याला ताबडतोब बोलावं लागतं, किंवा उरलेली जागा शांततेने भरावी लागते. म्हणजे कुठे घाई आणि कुठे थबकणं, हे नटाला ओळींच्या लांबीतूनच कळतं. मग मॅकबेथ अचानक लांब वाक्यांत जातो: प्रार्थनेच्या शेवटचा ‘आमेन’ घशातून निघाला नाही, आणि आता झोप कायमची गेली. कृत्य होण्याआधी नवरा-बायकोंनी आपसात खून हा शब्द जवळपास टाळलेला असतो. ते ‘काम’, ‘ते’, ‘आजची रात्र’ अशा आडवळणाने बोलतात. कृत्यानंतर मॅकबेथच्या तोंडी ते क्रियापद येतं, पण त्याचं कर्म राजा नसतो, झोप असते.

आणि तेव्हाच दारावर थाप पडते.

या थापेवर थॉमस डी क्विन्सीने 1823 मध्ये लिहिलेला छोटा निबंध आजही या विषयावरचा सर्वांत तीक्ष्ण मजकूर आहे. लहानपणापासून ही थाप आपल्याला इतकी का हलवते हे त्याला बुद्धीने उलगडत नव्हतं. 1811 मध्ये लंडनच्या रॅटक्लिफ हायवे भागात एका दुकानदाराचं कुटुंब मारलं गेलं. कामाला बाहेर गेलेली मोलकरीण परत येऊन दार ठोठावत राहिली. त्या खऱ्या घटनेची सांगड डी क्विन्सीने नाटकातल्या प्रसंगाशी घातली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खुनाच्या वेळी माणसांचं जग थांबलेलं असतं, थाप पडते तेव्हा ते पुन्हा सुरू होतं, आणि पुन्हा सुरू झाल्यामुळेच ते थांबलं होतं हे आपल्याला कळतं. कोलरिजचं मात्र इथे जमलं नाही. थापेपाठोपाठ येणाऱ्या दारुड्या द्वारपालाचं गद्य भाषण त्याला इतकं हीन वाटलं की ते नटांनी घुसडलं असावं असं त्याने ठरवून टाकलं. आता हे कुणी मानत नाही. द्वारपाल स्वतःला नरकाचा दरवान समजून खेळतो आणि दुटप्पी बोलून शपथ घेणाऱ्याची टिंगल करतो. 1605 च्या गनपावडर कटानंतर फादर गार्नेटवर चाललेल्या खटल्यात याच दुटप्पी साक्षीची चर्चा झाली होती, आणि ती प्रेक्षकांच्या कानांत ताजी होती. शिवाय एक व्यावहारिक गोष्ट: मॅकबेथला हात धुऊन, रात्रीचा अंगरखा चढवून परत यायला वेळ हवा. तो वेळ द्वारपाल विनोदात घालवतो, थाप मात्र थांबत नाही. हसू येतं, पण दार उघडलं जाऊ नये असंही वाटत राहतं. आपण नकळत खुन्याच्या बाजूला जाऊन उभे राहिलेलो असतो.

खंजीर दाखवायचा नाही, मग बॅन्कोचं भूत? फॉरमन स्पष्ट लिहितो की मॅकबेथ बॅन्कोच्या नावाने पेला उचलायला उभा राहिला तेव्हा भूत मागून येऊन त्याच्या खुर्चीत बसलं. म्हणजे ग्लोबमध्ये ते हाडामांसाचं होतं. नटाला तोंडाला रक्त लावून आणून बसवलं होतं. 1794 मध्ये जॉन फिलिप केंबलने नव्या, अवाढव्य ड्ररी लेन नाट्यगृहात भूत काढून टाकलं. मॅकबेथ रिकाम्या खुर्चीकडे पाहून बोलू लागला. युक्तिवाद सुबक होता: खंजीर मनातला, तर भूतही मनातलं. पण प्रेक्षकांना ते पचलं नाही आणि पुढे भूत परत आणावं लागलं. प्रेक्षकच बरोबर होते असं माझं मत आहे. रिकामी खुर्ची असली की आपण मेजवानीतल्या पाहुण्यांच्या रांगेत जाऊन बसतो आणि एका वेड्या यजमानाकडे पाहतो. भूत दिसलं की आपण मॅकबेथबरोबर एकटे पडतो. पन्नास माणसांत फक्त आपल्याला आणि त्याला ते दिसतं. खंजिराच्या वेळी आपण बाहेर होतो, आता आत ओढले गेलो. रूपर्ट गूल्डने 2007 मधल्या प्रयोगात, ज्यात पॅट्रिक स्ट्यूअर्ट मॅकबेथ होता, या दोन्ही दृष्टी एकामागोमाग ठेवल्या. मध्यंतराआधी भुतासकट मेजवानी, मध्यंतरानंतर तोच प्रसंग भुताशिवाय. कल्पना थोडी हुशारीची वाटते, पण दोनशे वर्षांच्या वादाचं इतकं नेमकं प्रात्यक्षिक दुसरं नाही.

भाषेच्या बाजूने झालेलं काम मोठं आहे. त्यातलं सगळंच रंगमंचाच्या उपयोगाचं नाही. कॅरोलाइन स्पर्जनने 1935 मध्ये दाखवलं की मॅकबेथ पुन्हा पुन्हा ढगळ, उसन्या कपड्यांच्या प्रतिमांनी वर्णिला जातो. निरीक्षण खरं, पण प्रेक्षागृहात बसून ते क्वचितच जाणवतं. एल. सी. नाइट्सने 1933 मध्ये ब्रॅडलीपंथी स्वभावचिकित्सेची खिल्ली उडवणारा निबंध लिहिला आणि नाटक हे आधी काव्य आहे असं बजावलं. त्यातून एका पिढीला ‘मॅकबेथ’ वाचता आलं. पाहता आलं का, याबद्दल शंका आहे. मला अधिक उपयोगाचे वाटतात ते ध्वनीबद्दलचे धागे. चेटकिणींचा छंदच वेगळा: ओळी आखूड, आघात पहिल्याच अक्षरावर, यमकं ठोकळेबाज. बाकी पात्रांच्या चालीच्या नेमकी उलट चाल. म्हणून त्या तोंड उघडताच जगाचं पाऊल चुकल्यासारखं वाटतं. मॅकबेथ रंगमंचावर येतो तेव्हा पहिल्याच वाक्यात तो चेटकिणींनी आधी उच्चारलेली चांगल्या-वाइटाची जोडी उचलतो. त्याने त्यांना अजून पाहिलेलंही नसतं. हे ऐकू येतं फक्त प्रेक्षकाला. आणि पहिल्या अंकातल्या शेवटच्या स्वगताची सुरुवात पाहा: एकच आखूड क्रियारूप तीनदा, ‘जर’ला लटकलेलं, नंतर सकारांची सळसळ. पंगत आत चालू आहे, वाद्यं वाजताहेत, नोकर ताटं घेऊन ये-जा करताहेत, आणि यजमान बाहेर येऊन कुजबुजतोय.

प्रवेशांच्या वेळांचाही असाच खेळ आहे. चेहऱ्यावरून मन ओळखण्याची विद्या नाही, असं डंकन आधीच्या विश्वासघातक्याबद्दल म्हणतो आणि त्याच क्षणी मॅकबेथ आत येतो. राजा त्याचं तोंडभरून स्वागत करतो. पुढे मॅकबेथच्या किल्ल्यासमोर उभा राहून तो तिथली हवा किती छान आहे याचं कौतुक करतो. बॅन्को पाकोळ्यांच्या घरट्यांवर बोलतो. शब्द शांत, सावकाश, गोड. ताण सगळा आपल्याकडे.

चौथ्या अंकातला इंग्लंडचा लांबलचक प्रवेश बहुतेक प्रयोगांत कापला जातो. डंकनचा मुलगा माल्कम स्वतःवर खोटे आरोप करून मॅकडफची परीक्षा पाहतो, ते कंटाळवाणं आहे यात शंका नाही. पण त्याच्या शेवटी सरदार रॉस बातमी घेऊन येतो. मॅकडफची बायको-मुलं मारली गेल्याचं आपण नुकतंच पाहिलंय. मॅकडफ विचारतो, रॉस म्हणतो ती बरी आहेत. मग विषय बदलतो. मग पुन्हा जवळ येतो. बातमी सांगितल्यावर मॅकडफ टोपी डोळ्यांवर ओढतो आणि गप्प राहतो; माल्कमला त्याला बोलतं करावं लागतं. आधीची संथ बोलाचाली उडवली तर ही टाळाटाळ घाईची होते आणि त्या गप्प बसण्याचं वजन जातं.

लेडी मॅकबेथचा झोपेत चालण्याचा प्रवेश गद्यात आहे. पद्यावर हुकूम चालवणारी बाई आता तुकड्यांत बोलते. आधीच्या अंकांतली थाप, घंटेचे ठोके, धुतलेले हात सगळं क्रम सोडून परत येतं. डॉक्टर आणि दासी लपून ऐकतात. तिसरे ऐकणारे आपण. 1785 मध्ये सेरा सिडन्सने ड्ररी लेनमध्ये ही भूमिका पहिल्यांदा केली तेव्हा व्यवस्थापक शेरिडन तिला विनवायला आला होता, कारण तिने मेणबत्ती खाली ठेवायचं ठरवलं होतं. आधीची प्रसिद्ध नटी मिसेस प्रिचर्ड ती हातातच धरायची. सिडन्सचं म्हणणं साधं होतं: दोन्ही हात मोकळे नसतील तर हात धुणार कसे? तिने मेणबत्ती ठेवली आणि तोच प्रघात पडला. हीच सिडन्स तरुणपणी रात्री या भूमिकेचं पाठांतर करताना इतकी घाबरली की मेणबत्ती घेऊन जिना चढताना स्वतःच्या रेशमी कपड्यांची सळसळही तिला भिववत होती, असं तिनेच लिहून ठेवलंय.

विसाव्या शतकात हा हिशेब लहान जागेत जाऊन तपासला गेला. ट्रेव्हर नन याने 1976 मध्ये स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ या पत्र्याच्या शेडसारख्या छोट्या नाट्यगृहात इयन मॅकेलन आणि जूडी डेंच यांना घेऊन प्रयोग केला. जमिनीवर एक वर्तुळ, भोवती खोकी, त्यावर बसलेले नट, जवळजवळ हाताच्या अंतरावर प्रेक्षक. कुजबूज खरंच कुजबूज राहू शकली. 2023 मध्ये लंडनच्या डॉनमार वेअरहाउसमध्ये डेव्हिड टेनंटच्या प्रयोगात प्रत्येक प्रेक्षकाच्या कानांवर हेडफोन होते, आणि चेटकिणी आवाजापुरत्याच उरल्या.

चित्रपटाने मात्र परीक्षा अवघड केली, कारण कॅमेऱ्याला सगळं दाखवता येतं. पोलान्स्कीने 1971 मध्ये तरंगणारा खंजीर दाखवला आणि डंकनचा खूनही. दोन्ही दृश्यं मेहनतीने केलेली आहेत आणि दोन्ही ठिकाणी ताण गळून जातो. कुरोसावाने 1957 च्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये शेक्सपिअरची एकही ओळ ठेवली नाही, तरी हिशेब जपला: खुनाच्या वेळी कॅमेरा खोलीतल्या बायकोपाशी थांबतो. नोह नाट्याच्या मुखवट्यासारखा चेहरा, घसटत जाणाऱ्या वस्त्राचा आवाज, आणि वाट पाहणं. विशाल भारद्वाजच्या ‘मकबूल’मध्ये मुंबईच्या गुन्हेगारी जगात चेटकिणींच्या जागी कुंडल्या मांडणारे दोन पोलीस येतात, तिथे ताण खुनापेक्षा आधीच्या नात्यांच्या ओढाताणीत जास्त आहे.

मराठी रंगभूमीचा या नाटकाशी संबंध जुना. शि. म. परांजप्यांचं ‘मानाजीराव’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, आणि शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ 1954 चं, ज्यात नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे होते. आपल्या गद्य नाटकाने शेक्सपिअरकडून लांब, घनघोर स्वगत उचललं आणि त्यावर गाजलेल्या नटांच्या पिढ्या पोसल्या. खुनानंतरचा नवरा-बायकोंमधला तो अर्ध्या-अर्ध्या ओळींचा संवाद त्या परंपरेत बसवणं त्याहून अवघड. टाळ्या घेणारं वाक्यच त्यात नाही.

शेवटाकडे मात्र शेक्सपिअर स्वतःच ताण सोडून देतो. मॅकडफ शिर घेऊन आल्यावर माल्कम सरदारांना नव्या पदव्या वाटतो, परागंदा झालेल्यांना परत बोलावतो आणि राज्याभिषेकाला सगळ्यांना आमंत्रण देतो. भाषा सपाट, कारभारी. अनेक दिग्दर्शकांना ही सपाटी सहन होत नाही. ते चेटकिणींना परत आणतात, किंवा पोलान्स्कीसारखे माल्कमच्या धाकट्या भावाला, डोनलबेनला, त्यांच्या गुहेकडे पाठवतात, म्हणजे चक्र पुन्हा सुरू. फोलिओत त्याला आधार नाही. तिथे डोनलबेन दुसऱ्या अंकानंतर दिसतच नाही. पाचव्या अंकात तो सैन्याबरोबर नाही एवढाच त्याचा उल्लेख येतो.